उबवणे सोपे, पोसणे कठीण

मासे पकडणारा माणूस आणि माश्या पकडणारा आठ पायांचा प्राणी या दोघांनाही मराठी भाषेने एकच नाव दिले आहे. दोघेही जाळे लावतात आणि दोघेही वाट पाहतात, म्हणून दिले असावे. पनवेलच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या माझ्यासारख्या मुलीला या योगायोगापायी शाळेत बरेच ऐकून घ्यावे लागले. वर्गाच्या कोपऱ्यात कोळी दिसला की ‘तुझा मामा आला बघ’ असे म्हणणारे चारदोन असतच. त्या वेळी राग येई. आज मात्र त्या मामाविषयी, आणि विशेषतः मामीविषयी, काही लिहावे असे वाटते. कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि दिवाळीनंतर त्याच विषयावरून एका मित्राशी भांडण झाले. ते भांडण अजून मिटलेले नाही. मित्र हा अंक वाचणार आहे हे ठाऊक असूनच लिहीत आहे.

कोळी पाळणे हा छंद युरोप-अमेरिकेत जुना असला तरी आपल्याकडे नवा आहे. मी तो प्रथम पाहिला तो या मित्राच्या घरी, नवीन पनवेलमध्ये. अभ्यासाच्या टेबलावर शब्दकोशाच्या शेजारी एक पारदर्शक डबा, त्यात नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, बाटलीच्या झाकणात पाणी, आणि झाडाच्या सालीखाली तळहाताएवढी, काळसर, केसाळ अशी टॅरँटुला गटातली मादी. मला भीती वाटली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण पाच मिनिटांत भीती ओसरली आणि मी तासभर तिथेच बसून राहिले. एवढा मोठा जीव इतका स्वस्थ बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. छंदाची ओढ काय असते ते मला त्या संध्याकाळी कळले. पुढे मी जे विरोधात लिहिणार आहे, ते ही ओढ नाकारून लिहिलेले नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या प्राण्यांच्या आयुष्याचा हिशेब विलक्षण आहे. नर वयात आला की फार दिवस जगत नाही. मादी मात्र काही जातींत वीस वर्षांहून अधिक जगते. पैदास करायची तर नराला मादीच्या डब्यात सोडायचे, आणि मादी भुकेली दिसली तर त्याला वेळेवर बाहेर काढायची तयारी ठेवायची. सगळे सुरळीत झाले तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मादी रेशमाची चादर विणते, तिच्यावर अंडी घालते, कडा गुंडाळून तिची गोल पिशवी करते आणि ती पायांत धरून बसते. जातीप्रमाणे त्या पिशवीत पन्नास-साठ अंडी असतात किंवा काहीशे.

पाळणारे लोक साधारण ३० दिवसांनी ही पिशवी आईकडून काढून घेतात. डबा हलला, उजेड पडला, मादी बिथरली, तर ती पिशवी खाऊन टाकते आणि सारी मेहनत फुकट जाते, हे त्यामागचे कारण. काढलेली पिशवी ‘इन्क्युबेटर’मध्ये जाते. नाव मोठे असले तरी यंत्र साधे आहे. डब्याच्या तळाशी पाणी, त्यावर मलमलीची किंवा पायमोज्याच्या जाळीची झोळी, झोळीत अंडी, झाकणाला बारीक भोके, आणि तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास. अंड्यांना आधी नुसते पाय फुटतात; मग ती पांढुरकी, जेमतेम हलणारी पिल्ले कात टाकत टाकत कोळ्याच्या रूपाला येतात. हे सारे पाहताना माणूस हरखून जातो यात शंका नाही.

पण या ‘उबवणे’ शब्दानेच माझी फसगत केली. आमच्या घरी कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, आपल्या अंगाची ऊब देते आणि २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. कोळिणीच्या अंगात अशी ऊब नसते. तिचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गरम किंवा गार. मग ती पिशवी धरून करते काय? ती पिशवी फिरवत राहते, म्हणजे खालची अंडी दबून खराब होत नाहीत. बिळात ओल कमी-जास्त झाली की ती पिशवी घेऊन जागा बदलते. मुंग्या, माश्या, बुरशी यांपासून ती जपते. थोडक्यात, ती ऊब देत नाही, राखण करते. डब्यात आपण तापमान देऊ शकतो. राखण मात्र रात्रंदिवस आपल्यालाच करावी लागते. हे मला पुस्तकातून कळले नाही, नुकसान करून कळले.

त्याची हकीकत अशी. गेल्या जुलैत आमच्या माळ्यावर, गुंडाळून ठेवलेल्या जुन्या जाळ्यांच्या मागे, एक मोठी चपटी कोळीण मला दिसली. जाळे न विणणारा, रात्री भिंतीवरून धावणारा, झुरळे खाणारा हा कोळी कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘हेटेरोपोडा व्हेनेटोरिया’ म्हणतात. केळ्यांच्या घडांबरोबर जहाजांतून फिरत फिरत त्याने उष्ण कटिबंधातले बहुतेक देश गाठले आहेत, तेव्हा पनवेलच्या माळ्याचे त्याला काय मोठेसे! या कोळिणीने पोटाखाली एक पांढरी, गोल, चपटी पिशवी धरली होती. आजी म्हणते, ‘तिच्या पोटाखाली पावली असते.’ जुनी चांदीची पावली ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. त्या पावलीत दोनशेपर्यंत अंडी असू शकतात, आणि ती सांभाळताना कोळीण सहसा काही खात नाही.

मित्राकडचे इन्क्युबेटर डोक्यात होतेच. मी फरसाणाचा डबा धुतला, तळाशी ओला कापूस घातला, आईच्या जुन्या ओढणीची झोळी ताणून बांधली, आणि चिमट्याने ती पावली काढून घेतली. कोळिणीने सहजासहजी दिली नाही. पिशवी तिने जबड्यांनी धरून ठेवली होती. मी ओढली तेव्हा तिचा एक पाय माझ्या चिमट्यात आला आणि तुटला. त्या रात्री ती त्याच भिंतीवर होती. दुसऱ्या रात्रीही होती. तिसऱ्या रात्री दिसली नाही.

जुलैतल्या पनवेलची हवा कुणाला सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ओल्या कापसावरच्या अंड्यांचे काय होणार? आठवड्याभरात पिशवीच्या एका बाजूला करडा डाग दिसू लागला. मी घाबरून कापूस काढला, तर दोन दिवसांत पिशवी सुरकुतली. पुन्हा कापूस घातला. तिला दिवसातून किती वेळा फिरवावे हे माहीत नव्हते. कॉलेजच्या दिवशी एकदा, सुट्टीच्या दिवशी पाच-सहा वेळा, असा माझा कारभार. अखेर पिशवी कापली तेव्हा निम्म्याहून अधिक अंडी काळी पडली होती. उरलेल्यांतून साठ-सत्तर पिल्ले निघाली. मोहरीएवढी, पारदर्शक, आठही पाय धड असलेली!

मी आनंदाने घरभर नाचले. सगळ्यांना डबा दाखवला. आईने कपाळाला हात लावला. आजीने मात्र डबा हातात घेऊन उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘कोंबडीची पिल्लं दुसऱ्या दिवशी दाणे टिपतात गो. ह्यांना काय घालणार तू?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईपाशी असताना ही पिल्ले चहूकडे पांगली असती, आणि ज्याला जे मिळेल ते त्याने खाल्ले असते. डब्यात पांगायला जागाच नव्हती. केळ्याच्या साली कुजवून मी चिलटे पैदा केली. ती काहींना मिळाली, बाकीच्यांनी एकमेकांना खायला सुरुवात केली. खरे तर प्रत्येक पिल्लाला वेगळी बाटली द्यावी लागते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या मी शेजारपाजारून गोळा केल्या, त्या सतरा भरल्या. ऑगस्टच्या मध्याला सहामाही परीक्षेचा अभ्यास सुरू झाला आणि बाटल्या दोन दोन दिवस तशाच राहू लागल्या. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी मोजणी केली. तीन पिल्ले जिवंत होती. ती माळ्यावर, त्याच जाळ्यांच्या मागे सोडून दिली.

कुणी म्हणेल, रानात तरी दोनशेपैकी कितीशी जगतात? खरे आहे. निसर्गात बहुतेक मरतातच. पण तिथे मेलेले पिल्लू मुंगीच्या, पालीच्या, दुसऱ्या कोळ्याच्या पोटात जाते. माझ्या डब्यात ती बुरशीने आणि माझ्या वेळापत्रकाने मेली. या दोन मरणांत फरक आहे, असे मला वाटते.

दिवाळीनंतर मित्राने एक बेत सांगितला. टेकडीच्या कडेला रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीत त्याने टॅरँटुलाची बिळे पाहून ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात अंड्यांवर बसलेली मादी पिशवीसकट काढायची, पिशवी आम्ही दोघांनी सांभाळायची, आणि पिल्ले विकायची. एका पिल्लाला काही शे रुपये सहज मिळतात, असे तो म्हणाला. ‘‘अगं, तुझा एकदा सराव झालाय. शंभर जगली तरी तुझी वर्षाची फी निघेल.’’ माझ्या घरची परिस्थिती त्याला माहीत आहे, म्हणूनच तो म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. फीचा आकडा माझ्याही डोळ्यांसमोर उभा राहिला, हे मी लपवत नाही. दोन दिवस मी विचार केला आणि नाही म्हणाले. तेव्हापासून आमचे बोलणे जेवढ्यास तेवढे आहे.

त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडते. पहिला मुद्दा असा की घरात पैदास झाली तर रानातले प्राणी पकडण्याची गरजच उरत नाही. दुसरा मुद्दा, एका छंदिष्टाने उचललेल्या एका मादीने काय बिघडणार? आपल्या तालुक्यात विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी सपाट झाली, २०२५ साली विमानतळाचे उद्घाटनही झाले. त्या टेकडीतल्या बिळांचा हिशेब कुणी मागितला? आणि तिसरा मुद्दा त्याने जरा लागेल असाच मांडला, ‘‘तुम्ही कोळी लोक गाभोळी तळून खाता, आणि मला अंड्यांची दया शिकवतेस?’’

पहिल्या मुद्द्याला उत्तर म्हणून मी त्याला गुत्तीच्या कोळ्याची गोष्ट सांगितली. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक निळाशार टॅरँटुला सापडला. १८९९ साली पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘पोईसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव ठेवले. पुढे सुमारे शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात, गुत्तीपासून बऱ्याच अंतरावर, तो पुन्हा सापडला. याचा अर्थ वखारीतला तो पहिला नमुना लाकडाबरोबर रेल्वेने आला असावा. १०० चौरस किलोमीटरहूनही कमी जंगलात राहणाऱ्या या कोळ्याला २००८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवण्यात आले. आणि गंमत पाहा, तोच कोळी आज युरोप-अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या घरी डब्याडब्यांतून पिल्ले देतो आहे! परदेशी दिवाणखान्यांत त्याची रेलचेल, आणि स्वतःच्या रानात तो शेवटच्या घटका मोजतो आहे. घरात पैदास झाली म्हणून रानातली संख्या वाढली असे झालेले नाही. डब्यातली पिल्ले दुसऱ्या डब्यात जातात. झाडाच्या ढोलीत परत जात नाहीत. शिवाय मुळातली पहिली जोडी कुणीतरी रानातूनच आणलेली असते. माझ्या मित्राचा बेतही पैदाशीचा नव्हताच. रानात घातलेली अंडी काढून आणून विकायची होती. त्याला पैदास म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला भात कापून आणून स्वतःला शेतकरी म्हणवून घेण्यासारखे आहे.

हा व्यापार केवढा आहे याची चुणूक २०२१ च्या जुलैत चेन्नईला मिळाली. पोलंडहून आलेल्या एका टपालात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या बाटल्या सापडल्या. प्रत्येक बाटलीत एकेक जिवंत कोळी! ते पार्सल आले तसे परत पाठवावे लागले. माझ्या सतरा बाटल्या मला झेपल्या नाहीत. टपालाच्या पोत्यातून समुद्रापार गेलेल्या त्या १०७ जिवांचे पुढे काय झाले असेल, ते ज्याने त्याने ताडावे.

कायद्याविषयीही दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलणे हा गुन्हा आहे. तेव्हा आपल्या शेजारच्या कर्नाळ्यात हात घालण्याचा विचार कुणी मनातही आणू नये. पोईसिलोथेरिया या साऱ्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून नियंत्रण आहे. मेक्सिकोतल्या लाल गुडघ्यांच्या टॅरँटुलावर तर १९८५ पासून. २०२४ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार अशा आंतरराष्ट्रीय यादीतून आपल्या कायद्यात आलेले जिवंत प्राणी ज्यांच्यापाशी आहेत, त्यांनी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे. जन्म, मृत्यू, हस्तांतर सारे कळवायचे आहे. मित्राला मी विचारले, तुझ्या डब्यातली ही कोणत्या जातीची? त्याने दोन नावे सांगितली आणि ‘दोन्हींपैकी एक’ म्हणाला. ज्या जिवाचे नाव आपल्याला धड ठाऊक नाही, त्याला कायदा लागू आहे की नाही, त्याला कोणती हवा मानवते, त्याचे विष किती बाधते, हे कसे ठाऊक असणार? टॅरँटुलाच्या चाव्याने माणूस सहसा दगावत नाही. पण काही जातींच्या चाव्याने दिवसेंदिवस स्नायूंत पेटके येतात. घरात लहान भाचरे असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरा मुद्दा टेकडीचा. तिथे मी मित्राशी सहमत आहे. एका टेकडीबरोबर किती बिळे गेली असतील याच्यापुढे आमच्या दोघांची एक मादी म्हणजे काहीच नाही. परंतु मोठी चोरी पकडली गेली नाही म्हणून लहान चोरी माफ होत नाही. उलट टेकड्या जात आहेत म्हणूनच उरलेल्या दरडीतली एकेक मादी मोलाची ठरते. वीस वर्षे जगणारी मादी दरडीतून काढली तर एका वर्षाची नव्हे, पुढच्या अनेक पावसाळ्यांची पिल्ले आपण काढून नेतो. आणि नेऊन ठेवणार कुठे? तीन वर्षांच्या पदवीसाठी कॉलेजात आलेला मुलगा वीस वर्षांचा जीव घरी आणतो. पुढे नोकरी पुण्याला, मग लग्न, मग भाड्याची खोली. तो डबा कोण नेणार? आईच ना!

राहिला गाभोळीचा प्रश्न. हा खरा जिव्हारी लागला, म्हणून मी तो आजीपुढे ठेवला. आजीने आयुष्यभर मासळी विकली आहे. ती रागावली नाही. ती म्हणाली, ‘‘खातो की. मी कुठं नाही म्हणते? पण पावसात होड्या वर ओढतो ते कशाला? मासळीला पोरं होऊ देतो, मग खातो. ती सगळीच उचलली तर तुझ्या लेकरांनी काय खावं?’’ जून-जुलैची मासेमारी बंदी आज सरकारी हुकूम आहे. पण खवळलेल्या समुद्रापुढे होड्या शाकारून ठेवून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत त्या हुकमाहून कितीतरी जुनी आहे. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी काटकसर असते, उसनवारी असते, कटकटी असतात. एवढे सोसून आम्ही मासळीच्या अंड्यांना सवड देतो. मित्राचा बेत नेमका पावसाळ्याचा, नेमका अंड्यांवर बसलेल्या मादीचा होता. मासे मारणाऱ्यांनी जो हंगाम वर्ज्य मानला, तोच हंगाम कोळी पाळणाऱ्यांनी शिकारीला निवडावा, यातच माझे उत्तर आले असे मला वाटते.

आमच्या मानसशास्त्राच्या सरांना मी ही सारी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मला एका बाबतीत सावध केले. ‘‘कोळिणीला तू आई बनवू नकोस,’’ ते म्हणाले. फाब्र या फ्रेंच निसर्गनिरीक्षकाने एका कोळिणीची अंड्यांची पिशवी काढून घेऊन तिला त्याच आकाराची बुचाची गोळी दिली, तर तिने तीही तितक्याच मायेने पाठीमागे बांधून हिंडवली! मग ती माया कसली? मी बराच विचार केला. सरांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या भिंतीवर दोन रात्री थांबलेली कोळीण शोक करत होती असा माझा दावा नाही. तिला शोक होवो न होवो, तिला जे काम येत होते ते मला येत नव्हते, आणि तरीही मी ते तिच्याकडून हिसकावून घेतले. माझी चूक तिथे आहे. त्यासाठी कोळिणीच्या डोळ्यांत अश्रू आणण्याची गरज नाही.

आता प्रश्न उरतो तो ओढीचा. ज्याला कोळी पाहण्याचा नाद लागला आहे त्याने काय करावे? माझे म्हणणे आहे, त्याने डबा न आणता भिंत पाहावी. आपल्या घरांत कोळ्यांना काय तोटा आहे? छताच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांची जी कोळीण उलटी लटकलेली असते, ती आपली अंडी चक्क तोंडात धरून असते. पिल्ले निघेपर्यंत सोडत नाही. अंगणातल्या गवतात अंड्यांचा गोळा पाठीमागे ओढत धावणारी कोळीण दिसते. पिल्ले निघाली की तीच त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. भर पावसात कर्नाळ्याच्या वाटेवर हातभर व्यासाच्या सोनेरी जाळ्यात बसलेल्या कोळिणी दिसतात. हे सारे फुकट आहे, आणि यांतल्या कुणाला खाऊ घालण्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

यातून विद्येतही भर पडू शकते. जगात नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ साली ५०,००० वर गेली, आणि नव्या जाती अजून सापडतच आहेत. २०२१ साली आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला अभ्यासकांनी हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. ठाण्याला सापडतो तर पनवेलला का सापडू नये? आपल्याकडे कोळ्याविषयी ज्ञान कमी आणि समजुती फार. अंगावर फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक ते बहुधा नागिणीचे तरी असतात किंवा दिव्यावर येणारा एक बारीक किडा अंगावर चिरडल्याने आलेले असतात. बिचारा कोळी उगाच बदनाम! शास्त्र शाखा नसली म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यांना डोळे नाहीत असे थोडेच आहे?

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी. ज्याला जिथे अंडी सांभाळणारी कोळीण दिसेल त्याने तारीख, जागा, पाऊस होता की ऊन, आणि पिल्ले कधी निघाली एवढे लिहावे; मोबाइलवर छायाचित्र काढावे. शिपाईकाकांना विनंती करावी की जळमटे जरूर झाडा, पण अंड्यांची पिशवी धरलेली कोळीण दिसली तर तेवढा कोपरा महिनाभर सोडा. एका वर्षात आपल्यापाशी पनवेलच्या कोळ्यांचे जे टिपण जमेल, ते शंभर पिल्ले विकून जमणार नाही.

मित्राला राग आला तो मी त्याच्या छंदाला नावे ठेवली म्हणून. माझा रोख त्याच्यावर नाही. त्याच्या डब्यातल्या मादीची तो उत्तम निगा राखतो, हे मी पाहिले आहे; माझ्या सतरा बाटल्यांपेक्षा तो एक डबा कितीतरी बरा. त्याने तिला शेवटपर्यंत सांभाळावे, तिची जात नीट ओळखून घ्यावी, नोंदणी लागत असेल तर करावी. फक्त दरडीतल्या त्या बिळात हात घालू नये. फीचे मी पाहीन. आईने आणि मी मिळून सुकी मासळी पाकिटात भरून विकायला सुरुवात केली आहे, एवढे त्याला यानिमित्ताने कळवते.

आणि आणखी एक. परवा रात्री माळ्यावर दिवा लावला तेव्हा जाळ्यांच्या मागे एक कोळीण बसलेली दिसली. माझ्या तिघांतलीच एखादी असेल, असे मनाला वाटून गेले. अजून लहान आहे, पोटाखाली पावली नाही. येत्या पावसात कदाचित असेल. मित्राला यायचे असेल तर यावे. नोंदवहीचे पहिले पान मी त्याच्यासाठी कोरे ठेवले आहे. चिमटा मात्र घरी ठेवून यावे.